वाहकाच्या बिल्ल्यामागचं प्रमाणपत्र : एसटी महामंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई

विषय : प्रवासात हृदय बंद पडलेल्या प्रवाशाचा जीव वाचवल्याबद्दल आभार आणि त्या अनुषंगाने काही मागण्या

महोदय,

आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रं तक्रारीची असणार. गाडी लागली नाही, थांब्यावर हात केला तरी थांबली नाही, सुट्ट्या पैशांवरून खटका उडाला. हे पत्र त्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून विषय जरा ठळक लिहिला आहे. गेल्या ऊसतोडणीच्या हंगामात, कोरेगावहून साताऱ्याला येणाऱ्या आपल्या एका साध्या गाडीत माझं हृदय बंद पडलं. आज मी हे पत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे, त्याचं पहिलं श्रेय त्या गाडीच्या वाहकाचं आणि चालकाचं. त्यांची नावं इथे छापत नाही. दोघांनीही तसं सांगितलंय. नावं, बिल्ला क्रमांक आणि फेरीचा तपशील आपल्या सातारा विभागाकडे वेगळ्या पत्राने दिला आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय पन्नाशीच्या पुढे. नोकरीचा बराचसा काळ अप-डाउनमध्ये गेला, त्यामुळे एसटी मला नवी नाही. डबल बेल पडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही असं घरचे म्हणतात.

त्या दिवसाचं मात्र मला काहीही आठवत नाही. सकाळी डबा भरला का, गाडीत जागा मिळाली का, शेजारी कोण होतं, सगळं पुसलं गेलंय. पुढे जे लिहिते आहे ते शेजारी बसलेल्या बाईंनी, वाहक-चालकांनी आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं. निरनिराळ्या माणसांनी सांगितलेलं ताडून पाहिलं, जिथे जुळलं तेवढंच घेतलं. शिक्षकी पेशाची खोड.

कोरेगाव सुटल्यावर मी शेजारच्या बाईंना म्हणे खिडकी सरकवायला सांगितली. माहुलीचा पूल ओलांडला आणि माझी मान त्यांच्या खांद्यावर पडली. त्यांना वाटलं डुलकी लागली. मग घशातून घरघर यायला लागली तशी त्या ओरडल्या. गाडीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं फिट आली, चप्पल हुंगवा. कुणी कांदा शोधायला लागलं. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावायला पुढे केली. श्वास चालू आहे, घोरतायत बघा, असंही कुणीतरी म्हणालं. वाहक गर्दीतून मागे आले, दोन्ही खांदे धरून हलवलं, मोठ्याने हाक मारली. मी काहीच प्रतिसाद दिला नाही. छाती नीट हलत नव्हती, मधूनच एखादी उचकी दिल्यासारखी घरघर येत होती. हा श्वास नव्हे, हे त्यांनी ओळखलं. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अशी घरघर कितीतरी जणांना लागते आणि तिलाच श्वास समजून लोक थांबून राहतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या बाबतीत तेच होणार होतं.

वाहकांनी बेल मारली. चालक मागे वळून म्हणाले, थेट सिव्हिलला मारतो, पाच-सात मिनिटांत पोचवतो. गाडीतल्या सगळ्यांनाच ते पटलं. कुणालाही पटलं असतं. वाहक म्हणाले, "थांबव. खाली घेऊ."

या निर्णयाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या मते सगळं त्यावर ठरलं. धावत्या एसटीत, दोन बाकांमधल्या अरुंद वाटेत, छाती दाबता येत नाही. सीटवर झोपवून दाबली तर गादी खाली जाते, छाती नाही. आणि दाबल्याशिवाय नेलं असतं, तर दवाखान्याच्या दारात गाडी वेळेवर पोचली असती, मी पोचले नसते. हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त मिळणं त्याच क्षणी थांबतं. चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. कुणी छाती दाबली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. हे आकडे आता मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्या माणसाने मात्र ते डोक्यात न मांडताच बरोबर निर्णय घेतला.

रस्त्याच्या कडेला, मुरमावर मला आडवं केलं. गुडघे टेकण्याआधी वाहकांनी एक गोष्ट केली, जी ऐकून मी इस्पितळात पहिल्यांदा रडले. गळ्यातली कॅशची बॅग आणि तिकिटाचं मशीन त्यांनी काढलं आणि जवळ उभ्या असलेल्या कॉलेजच्या एका अनोळखी मुलीच्या हातात दिलं. "हे धर गं." एवढंच. वाहकाच्या हिशेबात दहा रुपये कमी पडले तरी ते त्याच्या खिशातून जातात, हे आपल्याला मी सांगायला नको. सकाळपासूनची सगळी रोकड त्यात होती. ती मुलगी शेवटपर्यंत बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती म्हणे.

मग त्यांनी छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला, कोपर ताठ केले आणि दाबायला सुरुवात केली. मोठ्याने आकडे मोजत. घोळक्यातल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली, "अहो, बाईमाणूस आहे, असं काय करताय?" वाहकांनी मान वर न करता सांगितलं, "काका, माणसं मागे सरकवा." ते काका खरोखरच माणसं सरकवायला लागले. एका नऊवारीतल्या आजींनी आपली शाल सोडून दोन बायकांच्या हातात आडोशासारखी धरायला दिली. त्या आजी कोण, कुठल्या, काही कळलं नाही. पुढच्या थांब्यावरच्या असतील.

अशी छाती दाबणं हे किती दमवणारं काम आहे, ते मी आता रबरी बाहुल्यावर करून पाहिलं आहे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मला एक मिनिटही धड जमलं नाही. दोन मिनिटांनी माणसाचा जोर कमी पडतो, म्हणून बदली लागतो. बदली मिळाला पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण. वाहकांनी त्याचे हात धरून जागेवर ठेवले, "कोपर वाकवू नको" म्हणाले आणि स्वतः बाजूला बसून मोजत राहिले. आळीपाळीने दोघांनी चालू ठेवलं.

चालक तोवर रस्त्यावर उभे राहून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एका बाजूने काढत होते आणि दुसऱ्या हाताने १०८ ला फोनवर जागा सांगत होते. माहुलीचा पूल ओलांडल्यावर, सातारच्या अंगाला, एसटी उभी आहे, इंडिकेटर चालू आहे. इतका स्वच्छ पत्ता मिळणं ही रुग्णवाहिकेसाठी किती मोठी गोष्ट असते ते १०८ च्या डॉक्टरांनीच सांगितलं. रस्त्यावरचा फोन बहुतेक वेळा "लवकर या हो, लवकर या" एवढाच असतो. गर्दीतल्या एकाने व्हिडिओही काढला. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. भाच्याने पाहिला. त्यावरून कळलं की दाबायला सुरुवात झाल्यापासून रुग्णवाहिका येईपर्यंत दहाएक मिनिटं गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण नातेवाइकांतही गोंधळ होता. वाहकांनी माझं हृदय सुरू केलं नाही. छाती दाबून ते सहसा सुरू होतही नाही. माझ्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, त्याने हृदयातली विजेची लय बिघडली. ठोके पडण्याऐवजी हृदय नुसतं थरथरत राहिलं, आणि थरथरणारं हृदय रक्त पुढे ढकलत नाही. नुसता हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बोलतो, घाम पुसतो, छाती धरून दवाखान्यात चालत जातो. माझं तसं नव्हतं, मी क्षणात बेशुद्ध. ही थरथर थांबवायला विजेचा धक्का लागतो, दुसरा इलाज नाही. पण तो धक्का येईपर्यंत मेंदूत थोडं का होईना रक्त जात राहावं लागतं. ते थोडं रक्त वाहकांच्या तळहातांनी ढकललं.

धक्का दिला तो १०८ च्या डॉक्टरांनी, तिथेच, रस्त्याच्या कडेला. छातीवर दोन पॅड चिकटवले, सगळ्यांना हात काढायला लावले. पहिल्या धक्क्याने काही झालं नाही. परत दाबणं, परत धक्का. दुसऱ्यानंतर नाडी लागली. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ प्रगत, म्हणजे धक्क्याचं यंत्र आणि व्हेंटिलेटर असलेल्या. माझं नशीब की आलेली गाडी त्यातली होती. आपल्या राज्यात १०८ मध्ये डॉक्टर बसलेले असतात, आणि चालवणाऱ्याला ते लोक पायलट म्हणतात. पायलट दादांना नंतर भेटले. बोलताना सारखं घड्याळाकडे बघत होते, कारण कॉल केव्हाही येतो. आम्ही पेढे नेले होते. त्यांनी एकच घेतला आणि बाकीचे पुढच्या पाळीच्या लोकांना ठेवले.

फ्रँक पँट्रिज नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात बेलफास्टमध्ये धक्क्याचं यंत्र पहिल्यांदा रुग्णवाहिकेत चढवलं, तेव्हा ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन सुमारे सत्तर किलो होतं. रुग्ण यंत्रापर्यंत पोचत नाही, वाटेतच जातो, मग यंत्रच रुग्णापर्यंत न्यायचं, एवढीच त्याची कल्पना. आता तेच यंत्र शाळेच्या दप्तराएवढं झालंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

इस्पितळाचं नाव इथे देत नाही, त्यांना मी स्वतंत्र पत्र दिलं आहे. पण आभाराचं पत्र आहे आणि त्या लोकांचा उल्लेख नाही असं व्हायला नको. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आधीच फोन केल्यामुळे कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या नळी घालून उघडतात ती खोली, उघडून ठेवली होती. मनगटातून नळी घालून गुठळी काढली, स्टेंट बसवला. नंतर व्हेंटिलेटर, आणि ताप चढू नये म्हणून अंग गार ठेवणं, कारण अशा वेळी ताप मेंदूला घातक ठरतो. मी शुद्धीवर आले तेव्हा हात बांधलेले होते. घशातली नळी उपसू नये म्हणून तसं करतात, पण मला ते माहीत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टर ते माझ्या डोळ्यांवरून समजल्या. कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दवाखान्यात आहात, नळी आहे म्हणून बोलता येत नाही, उद्या काढू." थोड्या वेळाने मी परत तशीच घाबरले, त्यांनी परत तेच सांगितलं. मला नव्याने काही लक्षातच राहत नव्हतं. पुढे नळी निघाली तरी मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "शाळेला कळवलं का?" आणि प्रत्येक वेळी कुणीतरी न कंटाळता "हो, कळवलं" म्हणत होतं. वर्गात एकच प्रश्न चारदा विचारणाऱ्या पोराशी मी कशी वागत आले ते तेव्हा आठवलं. असो.

बरगड्या दुखत होत्या. दोन-तीन चिरल्या होत्या. खोकला आला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मावशी उशी छातीशी दाबून धरायला द्यायच्या. डॉक्टर म्हणाले, बरगडी मोडली म्हणजे दाबणारा नीट दाबत होता. वाहकांना मी हे सांगितलं तेव्हा ते ओशाळले. "सॉरी मॅडम" म्हणाले! मी म्हटलं, दादा, बरगडी जुळते.

आता मुद्द्याकडे येते.

बरी होऊन घरी आल्यावर, फिरायची परवानगी मिळताच मी त्यांना गाठलं. त्यांच्या ड्युटीच्या वेळा वाहतूक नियंत्रकांकडून मिळाल्या. फलाटावर उभं राहूनच बोलणं झालं, गाडी सुटायची होती. हे कुठे शिकलात, असं विचारलं. म्हणाले, "बिल्ला काढताना प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं ना मॅडम, तेव्हा शिकवलेलं." मग थोडं थांबून खरी गोष्ट सांगितली. ते शिकवून बरीच वर्षं झाली होती, त्यातलं फारसं आठवत नव्हतं. पण त्यांच्या गावच्या गणेश मंडळाने एका वर्षी ऑर्केस्ट्रा न ठेवता डॉक्टर बोलावले होते. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी रबरी बाहुला आणला होता आणि मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर दाबायला लावलं होतं. त्या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने २०१७ साली सामान्य माणसासाठी सोपी पद्धत ठरवली. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही, फक्त छाती दाबत राहायची. आमच्या वाहकदादांनी मांडवात दाबून पाहिलं, वर मित्रांना हसवलं, प्रसाद घेतला आणि घरी गेले. तेवढं पुरलं.

म्हणजे पाहा, महोदय. वाहकाचा परवाना काढायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, हा नियम कुणीतरी दूरदृष्टीच्या माणसाने फार पूर्वी करून ठेवला आहे. गाडीत प्रथमोपचार पेटी असावी हाही नियम आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा त्या गाडीवर लक्ष्मण केवटे वाहक होते. तेव्हापासून वाहकाची माणसाला झालेली ओळख तिकीट, बेल आणि "पुढे सरका" अशीच आहे. पण कागदोपत्री तो प्रथमोपचारकही आहे. राज्यात सुमारे अडीचशे आगारं आणि रोज पन्नास लाखांहून जास्त प्रवासी. त्यातल्या जवळपास प्रत्येक साध्या गाडीत प्रथमोपचार शिकलेला एक माणूस आधीच बसलेला आहे, आणि त्याचा पगार आपण आधीच देत आहात. नवीन भरती नको, नवीन पद नको. फक्त ते प्रमाणपत्र जिवंत ठेवायचं आहे.

माझी पहिली मागणी हीच. प्रमाणपत्राच्या कागदावर वर्ष उलटलं की हात विसरतात. दरवर्षी प्रत्येक आगारात अर्धा तास बाहुल्यावर दाबायला लावा. खरंच अर्धा तास पुरतो. भोसरीला आपली मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या प्रशिक्षकांना आधी शिकवा, ते पुढे शिकवतील. भूलतज्ज्ञ मंडळी गणपतीच्या मांडवात येतात, तर आगारात आनंदाने येतील. चालकांना वगळू नका. विनावाहक गाड्यांवर तर चालक एकटाच असतो.

दुसरी गोष्ट त्या यंत्राची. एईडी म्हणतात त्याला, म्हणजे आपोआप तपासून धक्का देणारं यंत्र. झाकण उघडलं की ते स्वतः बोलतं. पॅड कुठे चिकटवायचे ते चित्रात दाखवलेलं असतं. धक्क्याची गरज नसेल तर बटण दाबलं तरी ते धक्का देत नाही, त्यामुळे चुकून कुणाचं वाईट होण्याची भीती नाही. किंमत साधारण लाखाच्या आसपास. प्रत्येक गाडीत ठेवा असं मी म्हणत नाही. स्वारगेट, मुंबई सेंट्रल, सातारा, कोल्हापूर, नाशिक, पंढरपूर अशा मोठ्या स्थानकांत, नियंत्रकांच्या खिडकीशेजारी एकेक असू द्या. आषाढीला पंढरपूरच्या स्थानकात किती गर्दी होते आणि त्यात साठीच्या पुढची माणसं किती असतात, ते आपल्याला माहीत आहे.

डॉक्टर नसलेल्यांच्या हाती असं यंत्र द्यावं का, असा प्रश्न बैठकीत नक्की निघेल. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या जुगारघरांनी पंचवीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. तिथल्या कॅसिनोंत पहाऱ्यावर असलेल्या सुरक्षारक्षकांना ही यंत्रं वापरायला शिकवलं. कोसळताना कुणीतरी पाहिलेल्या आणि तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के घरी गेले. तीन मिनिटांपेक्षा उशीर झालेल्यांत ४९ टक्के. २००० साली वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. पहारेकरी होते ते, कुणी सर्जन नव्हते. छाती दाबण्याची पद्धतसुद्धा ज्या प्रयोगशाळेतून आली तिचा प्रमुख, विल्यम कोवेनहोवेन, हा विद्युत अभियंता होता. १९६० साली त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं की यापुढे कुणीही, कुठेही ही सुरुवात करू शकतो, दोन हात असले म्हणजे झालं.

तिसरी मागणी बायकांसाठी आहे, आणि ती मी मुद्दाम जाहीर पत्रात मांडते आहे. "बाईमाणूस आहे" हे वाक्य त्या दिवशी उच्चारलं गेलं. बोलणारे काका वाईट नव्हते, उलट मदतच करत होते. पण वाहक तेवढ्याने बिचकले असते तर? परदेशातल्या पाहणीतही सार्वजनिक जागी कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा अशी मदत मिळते असं दिसलं आहे. आपल्याकडे तर संकोच आणि भीती दोन्ही. कुणी आरोप केला तर? व्हिडिओ काढून कुठे टाकला तर? अर्ध्या तिकिटाच्या सवलतीमुळे आपल्या गाड्यांत आता बायका भरपूर असतात. म्हणून महामंडळाने लेखी परिपत्रक काढावं की प्रवासी बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल, तर पुरुष असो की स्त्री, वाहकाने छाती दाबावी, ते त्याचं कर्तव्य आहे आणि महामंडळ त्याच्या पाठीशी उभं राहील. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम आलं, पण ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांसाठी. गाडीत बसल्या जागी हृदय बंद पडलं, तर तो अपघात धरायचा का, हे वकील ठरवत बसतील. परिपत्रकाला वकील लागत नाही. प्रशिक्षणात बाहुला बाईचाही ठेवा, आणि कुणी हसलं तर हसू द्या.

त्याच परिपत्रकात आणखी एक ओळ हवी : अशा वेळी गाडी थांबवण्याचा अधिकार वाहकाचा. प्रवासी "दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या" म्हणून ओरडणारच, कारण त्यांना वेग दिसतो, दाबणं दिसत नाही.

गाडीच्या आत जागोजागी पाट्या आहेत. महिलांसाठी राखीव, दिव्यांगांसाठी राखीव, विनातिकीट प्रवास हा गुन्हा. त्यात एक पाटी वाढली तर काही बिघडणार नाही. हाक मारून पाहा, १०८ लावा, छातीच्या मधोमध जोराने आणि भरभर दाबा. तीन ओळी आणि एक चित्र. चित्र आमच्या शाळेतली मुलं काढून देतील. मी मुलांना हे शिकवायला सुरुवात केली आहे, बाहुला नाही म्हणून सध्या जुन्या उशीवर. सातवीची मुलं मोजायला चुकत नाहीत, मास्तरीणबाईच दमतात.

वाहक-चालकांचा सत्कार करा, पण त्यांना शाल-श्रीफळ घेऊन दिवसभर कार्यक्रमात बसवू नका. ते स्वतःच मला म्हणाले की ड्युटी बुडते. त्यापेक्षा त्यांच्या सेवापुस्तकात नोंद करा. त्या वाहकदादांना आगारात पहिला प्रशिक्षक नेमलं, तर त्याहून चांगलं. मी बोललेय त्यांच्याशी, ते तयार आहेत. पोलीस भरतीच्या मुलाचं काय झालं विचाराल, तर त्याची मैदानी चाचणी व्हायची आहे.

शेवटी एक छोटी बाब. त्या दिवशीची ती फेरी साताऱ्यात बरीच उशिरा पोचली. पुढची परतीची फेरीही त्यामुळे लांबली आणि काही प्रवासी खोळंबले. या उशिराची नोंद कशी झाली हे मी विचारलेलं नाही आणि दोघांनीही सांगितलं नाही. पण लॉगशीटवर कारणाचा रकाना असतो. तिथे "वाहन वाटेत थांबले" एवढंच लिहिलं गेलं असेल, तर कृपया ते दुरुस्त करून "प्रवाशाच्या प्राणरक्षणासाठी" असं लिहून घ्यावं, आणि दुरुस्तीची एक प्रत मला शाळेच्या पत्त्यावर पाठवावी. पत्ता स्वतंत्र पत्रात दिला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
कोरेगाव-सातारा मार्गावरची एक पासधारक शिक्षिका